बाबांचं क्रिएटिनिन १.६ आलंय, किडनी "साफ" करायचा काढा द्यायचा का?

सिडकोकर८८

नमस्कार मंडळी. बाबा ६२ चे, सातपूरच्या कंपनीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. मागच्या आठवड्यात सोसायटीत कॅम्प होता म्हणून सहज रक्त दिलं तर क्रिएटिनिन १.६, पुढे लाल स्टार. त्यांना काहीही होत नाहीये, लघवी नीट होते, पायावर सूज नाही, रोज सकाळी त्रिमूर्ती चौकापर्यंत चालून येतात. आई मात्र घाबरली आणि बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारातनं काढ्याची बाटली घेऊन आली. ८५० रुपये. लेबलवर "किडनी शुद्धी" आणि मोरपिसाचं चित्र, आत काय आहे ते कुठेच नाही. विकणारा म्हणे की आरओचा फिल्टर कसा वर्षानं चोक होतो तशी किडनी पण चोक होते, ती आतनं धुवावी लागते. वर रोज चार लिटर पाणी आणि उपाशीपोटी बीटाचा ज्यूस.

शाळेत नेफ्रॉनची (किडनीतल्या बारीक गाळणीची) आकृती काढून मार्क घेतलेत मी, पण खरं सांगतो ते आरओचं उदाहरण मला पटलं, कारण परवाच आमच्या आरओची मेंब्रेन बदलली तेव्हा काढलेली एकदम चॉकलेटी झालेली होती. तर हे धुणं वगैरे खरं असतं का? डॉक्टरची अपॉइंटमेंट सोमवारची आहे, तोवर आईला काय सांगू?

वाफाळता_चहा

बाटली उघडू नका एवढंच सांगा. बाकीचं सोमवारी.

लॅबवाली_ताई

दादा आधी एक सांगा, बाबा गुडघे, कंबर, दात कशासाठीही पेनकिलर घेतात का? आणि कॅम्पच्या आदल्या रात्री मटण झालं होतं का? हसू नका, शिजवलेल्या मटणातनं पण क्रिएटिनिन येतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा थोडा वर दिसू शकतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रोज हे आकडे हातनं जातात आणि रोज कोणीतरी काउंटरवर घाबरतं म्हणून सविस्तर लिहिते. क्रिएटिनिन हे काही विष नाही, आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातनं तयार होणारा कचरा आहे, साधारण रोज तेवढाच होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. आपण रक्तात मोजतो तो मागे राहिलेला ढीग. घंटागाडी रोजच्याऐवजी दिवसाआड यायला लागली की कोपऱ्यावरचा ढीग दुप्पट होतो ना, घरातला कचरा काही वाढलेला नसतो. तसंच हे. म्हणून क्रिएटिनिन "कमी करायचं औषध" असं काही शोधू नका, गाडी का लेट होतेय ते बघायचं.

आता यातली गोम अशी की किडनीचं जवळजवळ अर्धं काम बसेपर्यंत हा आकडा नॉर्मलमध्ये राहू शकतो. आणि आकडा माणसामाणसावर अवलंबून. जिमवाल्या पोराचं १.३ बिनधास्त असू शकतं आणि सत्तर वर्षांच्या हडकुळ्या आजीचं १.१ काळजीचं असू शकतं, कारण तिच्या अंगात स्नायूच नाहीत कचरा करायला. म्हणून वय धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी किती वेगानं गाळते त्याचा अंदाज. तुमच्या बाबांचं ६२ वय आणि १.६ धरलं तर साधारण ४८ येतं. तरण्या निरोगी माणसाचं शंभरच्या आसपास असतं आणि वयाबरोबर थोडं उतरतंच, पण ४८ म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. घाबरून जाण्यासारखंही नाही. एका रिपोर्टवर किडनीचा आजार म्हणत नाहीत, तीन महिने तसंच राहिलं तर म्हणतात.

सोमवारी जाताना सकाळची लघवी तपासून न्या, त्यात अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण सांगा म्हणावं, ३० च्या आत पाहिजे. ही टेस्ट स्वस्त असते आणि लोक हीच करत नाहीत.

शुद्धीवाले_नाशिक

[ही पोस्ट जाहिरात आणि फोन नंबर असल्याने काढली आहे – मॉडरेटर]

वाफाळता_चहा

आलेच. मी म्हणतच होतो अजून कसे आले नाहीत.

तपोवन_ऑपरेटर

सिडकोकर भाऊ, आरओच्या उदाहरणानं फसू नका, मी सांगतो. मी बावीस वर्षं मलजल शुद्धीकरण केंद्रावर काढली, आणि २०११ ला धाकट्या भावाला एक किडनी दिली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले काका तुम्हीच ओपीडी घ्या.

आमच्या प्लांटला काय होतं, आधी मोठी जाळी, तिथे पिशव्या, निर्माल्य, चपला अडकतात, मग वाळू बसते, मग हवा मारलेल्या टाकीत जंतू घाण खातात, मग गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पुढे. म्हणजे घाण अडवायची, पाणी सोडायचं. घाण आपल्याकडे साठते म्हणून जाळी खरवडावी लागते, गाळ उपसावा लागतो. तुमच्या आरओचं पण तेच, म्हणून तो चोक होतो.

किडनी बरोब्बर उलटं करते. मला हे कळायला दोन दिवस लागले पण कळल्यावर डोक्यातनं जात नाही. तिची जाळी घाण अडवतच नाही. ती अडवते रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रोटीनं, म्हणजे आपला किमती माल. बाकी जे जे बारीक, पाणी, मीठ, साखर, युरिया, औषधं, चांगलं वाईट सगळं एकगठ्ठा पलीकडे ढकलून देते. आणि मग पुढच्या नळीत बसून त्यातनं कामाचं एकेक वेचून परत रक्तात घेते. दिवाळीची साफसफाई आठवा आमच्या लहानपणची. आई कोपऱ्यात वाकून कचरा शोधायची नाही, अख्खं घर अंगणात काढायची, ट्रंका, डबे, गाद्या, पितळेची भांडी, सगळं. मग लागेल तेवढं आत न्यायचं. जे उचललं नाही ते आपोआप भंगारवाल्याचं.

आता आकडे ऐका. दोन्ही मिळून एवढ्याशा ३०० ग्रॅमच्या किडन्या, मुठीएवढी एकेक, आणि हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा हिस्सा एकट्या यांच्याकडे जातो. एकेकीत दहा लाखाच्या आसपास नेफ्रॉन. दिवसाला १८० लिटर पाणी जाळीतनं पलीकडे जातं. १८० लिटर म्हणजे आपल्या बाथरूममधल्या वीस लिटरच्या नऊ बादल्या. आणि लघवी होते किती, दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत आत. म्हणजे दर दिवशी घर अंगणात आणि परत घरात, एकदा नाही, रक्तातलं पाणी तीनच लिटर धरलं तर साठ वेळा.

मी डॉक्टरांना म्हणालो साहेब हा काय येडेपणा, सरळ घाणच उचलून का नाही टाकत. ते म्हणाले, उचलायची तर आधी ओळखावी लागेल. उद्या माणसानं नवीन गोळी शोधली, नवीन रंग शोधला, किडनीनं तो बापजन्मात पाहिलेला नाही, ती कशी ओळखणार? इथे ओळखायची गरजच नाही. ओळखायचं फक्त आपलं सामान. आपलं नाही ते बाहेर. मी गप्पच झालो.

(अगदीच ओळखत नाही असं पण नाही. काही गोष्टी ती नळीतनं मुद्दाम ढकलून बाहेर काढते. पेनिसिलिन त्यातलं. १९४१ ला ऑक्सफर्डला पहिल्यांदा एका पेशंटला दिलं तेव्हा ते इतकं थोडं होतं आणि लघवीतनं इतक्या झपाट्यानं निघून जायचं की त्याच्या लघवीतनं काढून परत त्यालाच टोचलं होतं.)

तर मुद्दा असा की जिथे घाण साठतच नाही तिथे काढा काय धुणार? दिवसाला १८० लिटर पाणी त्या जाळीतनं जातंय, त्यात तुमच्या आईचे दोन चमचे. जाळी खराब होते ती घाण बसून नाही, दाबानं आणि साखरेनं होते. बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की रक्ताच्या बारीक नळ्या कडक होतात, शुगरनं जाळी सैल पडते आणि जे अल्ब्युमिन कधीच पलीकडे जायला नको ते गळायला लागतं. ताईंनी सांगितलेली टेस्ट त्यासाठीच. आणि एकदा गेलेला नेफ्रॉन परत येत नाही. माझी एक काढल्यावर उरलेली एक थोडी मोठी झाली आणि जास्तीचं काम उचललं, पण नवीन नेफ्रॉन एकही झाला नाही.

सिडकोकर८८

काका दंडवत. दिवाळीचं आईला वाचून दाखवलं, तिला लगेच कळलं, नेफ्रॉन सांगितलं असतं तर नसतं कळलं.

ताई, मटण नव्हतं, पण पेनकिलर... विचारल्यावर आधी नाही म्हणाले, मग शर्टाच्या खिशातनं पाकीट निघालं. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडनं डायक्लोफिनॅक, सकाळ-संध्याकाळ, दीड महिना झाला म्हणे. "ते औषध थोडीच आहे, दुखण्याची गोळी आहे."

अजून एक शंका. माझा मेहुणा जिमला जातो, तो म्हणतो घाम काढला की सगळी विषं निघतात, बाबांना स्टीम द्या. आणि लिव्हर पण साफ करते म्हणतात, मग किडनी नक्की काय काढते आणि लिव्हर काय?

लॅबवाली_ताई

बघा, सापडली गाडी का लेट होतेय ते! (कदाचित. डॉक्टर ठरवतील.) किडनीला येणारं रक्त कमी पडायला लागलं की ती स्वतःच रक्ताची नळी मोठी ठेवायची तजवीज करते, आणि ह्या गोळ्या नेमकी तीच तजवीज बंद पाडतात. त्यात उन्हाळा, पाणी कमी, काही बीपीच्या गोळ्या पण ह्याच नळ्यांवर काम करतात, तिन्ही एकत्र आले की किडनीची पंचाईत. आयब्युप्रोफेन पण त्याच माळेतलं. पाकीट सोमवारी बरोबर न्या, बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका. गोळ्यांची नावं विसरतात म्हणून लोक "पांढरी छोटी" सांगतात, निम्म्या गोळ्या पांढऱ्या छोट्याच असतात.

लिव्हरचं थोडक्यात. आपण डाळ, अंडी, मटण खातो त्यातल्या प्रोटीनचा अमोनिया होतो, तो मेंदूला वाईट, म्हणून लिव्हर त्याचा युरिया करते आणि किडनी तो टाकते. म्हणजे लिव्हर पॅकिंग करते, किडनी पोचवते. पण सगळंच किडनीकडे जात नाही. लाल पेशी १२० दिवस जगते, मेली की तिच्यातनं पिवळं बिलिरुबिन निघतं, ते लिव्हर पित्तातनं आतड्यात सोडते, संडासचा तपकिरी रंग त्याचाच, आणि लघवीचा पिवळा पण त्याच्याच नातेवाईकाचा. म्हणून पित्ताची वाट बंद झाली की डोळे पिवळे, लघवी गडद आणि संडास पांढरट. ही तिकडी दिसली तर झाडपाल्याकडे न जाता सरळ डॉक्टरकडे.

दिंडोरीचा_बागायतदार

घामाचं मी सांगतो, घामाचा मी एक्सपर्ट. एप्रिल छाटणीला बागेत दुपारी उभं राहून बघा मेहुण्याला म्हणावं, स्टीमबिम विसरेल. घामात मुख्य पाणी आणि मीठ, शर्ट वाळला की पाठीवर पांढरा नकाशा उमटतो तो मिठाचा. युरिया वगैरे असतो थोडा पण घाम अंग थंड करायला असतो, कचरा काढायला नाही. उलट घामात पाणी गेलं की किडनीला कमी मिळतं, ती पाणी धरून ठेवते आणि लघवी चहासारखी होते. मला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला तो ह्याच धंद्यात. औषध फवारताना मास्क काढायचा कंटाळा म्हणून पाणीच प्यायचो नाही, सकाळी सात ते दुपारी एक. मग रात्री दोनला जी कळ आली, बायकोला वाटलं साप चावला.

डॉक्टर म्हणाले तुम्हाला रोज दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी पाहिजे. पण हे मुतखडावाल्याचं गणित आहे भाऊ, तुमच्या बाबांना चार लिटर सांगणारा बाजारातला माणूस कोण? आणि बीटात ऑक्झलेट भरपूर असतं, माझा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचाच निघाला, मला बीट-पालक जपून खायला सांगितलंय. किडनी शुद्धीला बीटाचा ज्यूस म्हणजे गवताला आग लावून विझवायला पेट्रोल.

इंदिरानगर_मावशी

मी सहसा लिहीत नाही पण ही काढ्याची बाटली वाचून राहवलं नाही. आमच्या ह्यांचं डायलिसिस चालू आहे, सहावं वर्ष. सोमवार-बुधवार-शुक्रवार, दर वेळेस चार तास. म्हणजे आठवड्याचे बारा तास, आणि तुमची आमची किडनी आठवड्याचे १६८ तास चालते, जेवताना, झोपेत, भांडताना. एका वेळेला मशीनला शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं. नर्स म्हणाली पहिलं कामाचं मशीन हॉलंडच्या कोल्फ नावाच्या डॉक्टरनं १९४३ ला महायुद्ध चालू असताना बनवलं, सॉसेजला जे पातळ सेलोफेनचं आवरण असतं ना, ते एका ड्रमला गुंडाळून. सासूबाई म्हणाल्या शी. पण त्या आवरणाच्या जिवावरच पुढची सगळी गाडी आली.

मशीन कचरा काढतं, पाणी काढतं. पण किडनी फक्त कचऱ्याचंच बघत नाही हे मला घरात बसून कळलं. रक्त वाढवायचा निरोप हाडांना तीच पाठवते, म्हणून ह्यांना हिमोग्लोबिनसाठी वेगळं इंजेक्शन. ड जीवनसत्त्व कामाला लावायचं तिचंच, बीपी पण तिच्या हातात. जास्तीचं पोटॅशियम पण तीच बाहेर टाकते, त्याचं तर विचारू नका. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. पालेभाजीचा निम्मा जीव मोरीत जातो. शहाळं बंद. माणसं भेटायला येताना हमखास शहाळीच घेऊन येतात, आजारी माणूस म्हटलं की शहाळं, मी दारातच घेते आणि वॉचमनला देते. उन्हाळ्यात पाणी मोजून, मेच्या दुपारी हे बर्फाचा खडा गालात धरून बसतात. हाताला फिस्तुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून घेतलेली, त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं, रात्री झोपण्याआधी मी बघते गुरगुरतंय ना.

आता काढ्याचं. ह्यांचं क्रिएटिनिन २ होतं तेव्हा आम्ही पण एकाकडे गेलो होतो, गावाचं नाव नको. पुड्या होत्या, करड्या रंगाच्या. आठ महिने घेतल्या. त्या काळात बीपी कोणी मोजलंच नाही, ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. पुड्यांनी झालं का बीपीनं झालं मला आजही सांगता येत नाही, पण आठ महिने गेले ते गेलेच.

वैद्यकाका_पंचवटी

मावशींचं वाचून वाईट वाटलं. मी स्वतः आयुर्वेदाचा, बीएएमएस, त्यामुळे आमच्या शास्त्राला सरसकट शिव्या नकोत एवढी विनंती. पण ज्या बाटलीवर घटक, बॅच नंबर, लायसन नंबर नाही ते आयुर्वेद नाही, ते पाणी-गुळाचं दुकान. आणि पारा-शिसं असलेलं कच्चं भस्म कोणी पुडीत दिलं तर तेच किडनीला बाधतं. माझ्याकडे १.६ वाला पेशंट आला तर मी पहिलं बीपी मोजतो आणि किडनीच्या डॉक्टरकडे पाठवतो.

सिडकोकर८८

अपडेट. उशीर झाला, सॉरी, घरात पाहुणे होते.

सोमवारी जाऊन आलो. डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि बाबांकडे नुसतं बघितलं. बाबा खाली. गोळी बंद, गुडघ्याला मलम आणि व्यायाम, बीपी १५४/९४ निघालं म्हणून बीपीचं औषध बदललं. पाणी तहान लागेल तसं, उन्हात जाल तेव्हा जास्त, चार लिटर वगैरे नाही. मीठ कमी, पापड-लोणचं कमी, इथे आईचा चेहरा बघण्यासारखा होता. लघवीत अल्ब्युमिनचं प्रमाण ४६ आलं, म्हणजे थोडं गळतंय. दोन आठवड्यांनी परत रक्त केलं तर क्रिएटिनिन १.४. डॉक्टर म्हणाले हे चांगलं आहे पण खूश होऊन गायब होऊ नका, तीन महिन्यांनी परत दोन्ही टेस्ट, मग ठरवू.

मावशी, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच मेडिकलमधून बीपीचं मशीन घेऊन आले आणि आता रोज सकाळी वहीत लिहितात, कंपनीत शिफ्टचं रीडिंग लिहायचे तसं, वेळ, वरचं, खालचं, सही.

बाटली आईनं अजून टाकलेली नाही. ८५० रुपये दिलेत म्हणते. परवा बघितलं तर तिनं अर्धी जास्वंदीला घातली होती.

वाफाळता_चहा

जास्वंदीचं तीन महिन्यांनी कळवा.